महामारी आणि अर्जंट ऑपरेशनच्या केसेस: ठाणे-नवी मुंबईत मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सिस्टर आहे. २०२० मध्ये नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत होते, पुढे ओटीत म्हणजे ऑपरेशन थिएटरला गेले, राहायला कळव्याला. तेव्हापासून आजपर्यंत बिल्डिंगमधले, नात्यातले, गावाकडचे लोक मला त्या दोन वर्षांबद्दल तेच तेच विचारतात, कारण बहुतेक घरात कोणी ना कोणी असं आहेच की ज्याचं पोट, हर्निया, पाय किंवा खडा नेमका लॉकडाऊनमध्येच उपटला. म्हणून म्हटलं एकदाच सगळं बसून लिहून काढावं. हे सगळं सर्जरीच्या अर्जंट केसेसबद्दल आहे, श्वासाच्या त्रासाबद्दल नाही. आणि वाचून घरच्या घरी निदान करत बसू नका, तुमच्या डॉक्टरांनी हात लावून तपासलेलं माझ्या लिहिण्यापेक्षा केव्हाही खरं.

लॉकडाऊनमध्ये ऑपरेशनच्या अर्जंट केसेस वाढल्या होत्या का कमी झाल्या होत्या?

कमी, आणि थोड्याथोडक्या नाही. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला, २५ तारखेपासून सगळा देश बंद, आणि त्या आठवड्यापासून आमच्याकडे सर्जरीच्या रजिस्टरला जिथे एका रात्रीत पान भरायचं तिथे तीन-चार ओळी पडायला लागल्या. तापाच्या बाजूला रांग आणि आमच्या बाजूला रिकामे स्ट्रेचर. पहिले दोन दिवस बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, नंतर मात्र आमच्या सिनियर सर्जननी एका सकाळी राउंडला विचारलं की अहो ही माणसं गेली कुठे, आणि तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलाच नाही.

हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. अमेरिकेत सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, मोजलं तेव्हा २९ मार्च ते २५ एप्रिल २०२० या चार आठवड्यांत इमर्जन्सीत येणारे लोक आदल्या वर्षीपेक्षा ४२ टक्के कमी होते, आणि येणं सगळ्यात जास्त कमी झालेल्या तक्रारींत पोटदुखी वरच होती.

म्हणजे लोकांचे अपेंडिक्स सुजायचे थांबले होते का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि याचं उत्तर एका वाक्यात देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. जे पेशंट आले नाहीत त्यांचे मी चार वाटे करते.

पहिला वाटा म्हणजे ज्यांना काही झालंच नाही, ॲक्सिडेंटवाले वगैरे, त्यांच्याबद्दल खाली लिहिते.

दुसरा वाटा म्हणजे जे इथे राहिलेच नव्हते. ही गोष्ट पेपरात फार कमी लिहिली गेली. भिवंडीचे लूम बंद, रबाळे-महापे-तुर्भ्याच्या कंपन्या बंद, घोडबंदरच्या बिल्डिंगांची कामं बंद, आणि मे महिन्यात ती सगळी माणसं नाशिक हायवेने चालत, टेम्पोत बसून, नंतर श्रमिक ट्रेनने गावाला गेली. आता यातल्या कोणाचा हर्निया अडकला असेल तर तो जळगावात नाहीतर गोरखपूरला अडकला, आमच्या रजिस्टरला तो कसा दिसणार? आकडा कमी झाला म्हणताना खालची लोकसंख्याच कमी झाली होती हे विसरून चालत नाही.

तिसरा वाटा, ज्यांचं घरीच बरं झालं. होय, असं होतं. अपेंडिक्सची सौम्य सूज काही वेळा आपोआप किंवा फॅमिली डॉक्टरच्या अँटिबायोटिकने बसते, एरवी हा माणूस भीतीने लगेच हॉस्पिटलला आला असता आणि ऑपरेशन होऊन गेला असता. बऱ्याच देशांतून जे रिपोर्ट आले त्यात साधे अपेंडिक्स घटले आणि फुटलेल्यांचा आकडा कुठे तेवढाच राहिला, कुठे वाढला. यात टक्केवारीची एक गल्लत होते ती समजून घ्या. फक्त हिशोबासाठी सांगते, आधी महिन्याला १० अपेंडिक्स यायचे त्यात ३ फुटलेले, म्हणजे ३० टक्के. लॉकडाऊनमध्ये ६ आले त्यात ३ फुटलेले, म्हणजे ५० टक्के. बातमीत येणार की फुटलेल्यांचं प्रमाण वाढलं, पण इथे एकही जास्तीचा फुटलेला नाही, साधे चार आलेच नाहीत एवढंच. म्हणून टक्का बघितला की खालचा आकडा विचारायचा.

चौथा वाटा, जे घरी थांबले आणि उशिरा आले, किंवा आलेच नाहीत. हा वाटा किती मोठा होता ते कुठल्याही एका हॉस्पिटलच्या कागदावरून निघत नाही, कारण जो घरीच दगावला त्याचा केसपेपर नसतो. पण जे उशिरा आले ते मी डोळ्याने बघितलेत आणि हे सगळं लिहायला बसले ते त्यांच्यामुळेच.

मग खरंच कमी झालं ते काय?

रस्त्यावरचं. सरकारी अहवालात २०१९ ला देशात ४,४९,००२ रस्ते अपघात आहेत, २०२० ला ३,६६,१३८. मृत्यू १,५१,११३ वरून १,३१,७१४. बघा, अपघात जेवढे घटले तेवढे मृत्यू घटले नाहीत, रिकामा रस्ता मिळाला की गाडी पळवायची हे त्यामागचं एक कारण मानतात आणि मला ते पटतं, नवी मुंबईतल्या पाम बीच रोडला रात्री काय चालतं ते आम्ही टाक्यांवरून ओळखतो.

लोकल २२ मार्चच्या रात्रीपासून बंद, १५ जूनला फक्त अत्यावश्यक सेवेसाठी सुरू झाली, त्यामुळे ट्रेनमधून पडलेले, रूळ ओलांडताना सापडलेले जवळजवळ नाहीसे झाले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांत प्रेस मशीनमध्ये हात अडकलेली, बोटं तुटलेली पोरं थांबली. दारूची दुकानं बंद तर मारामारीचे टाकेही कमी. जुलैमध्ये ठाणे आणि नवी मुंबईत परत वेगळा लॉकडाऊन लागला तेव्हाही हेच.

त्याऐवजी घरातलं वाढलं. बाथरूममध्ये पडून खुबा मोडलेल्या आज्या, तेलाने भाजलेली लहान मुलं, पंखा पुसताना स्टुलावरून पडलेले, आणि नवऱ्याने मारलेल्या बायका ज्या पडले म्हणून सांगायच्या. नंतर कंपन्या उघडल्या तेव्हा नवीन, न शिकलेला हात मशीनवर बसवला गेला आणि बोटांच्या केसेस परत सुरू झाल्या.

घरी थांबलेल्यांचं नेमकं काय व्हायचं? एखादं उदाहरण सांगाल?

माझ्या मामांचंच सांगते. विटाव्याला राहतात, जांघेत हर्निया होता, आठ वर्षं झाली होती, झोपलं की आत जायचा म्हणून ऑपरेशन टाळत होते. एप्रिल २०२० च्या शेवटी एका संध्याकाळी तो आत जाईना. दुखायला लागलं, मामींनी तेल लावून दाबून बघितला (हे अजिबात करू नका), रात्री उलट्या. गल्ली बांबू लावून सील केलेली, जवळच्या नर्सिंग होमला कुलूप, आणि मामांच्या डोक्यात एकच की हॉस्पिटलला गेलो तर कोरोना होणार आणि घरच्यांना तोंडही बघायला मिळणार नाही. मला फोन केला तो तिसऱ्या दिवशी सकाळी, म्हणाले सिस्टरबाई जरा एक गोळी सांग. मी नुसता आवाज ऐकूनच समजले.

पहिल्या हॉस्पिटलने कोविडच्या रिपोर्टशिवाय घेणार नाही म्हणून परत पाठवलं, दुसरीकडे घेतलं तोपर्यंत दुपारचे तीन वाजले. अडकलेलं आतडं काळं पडलं होतं, कापून जोडावं लागलं, आयसीयू, १६ दिवस. मामा आज आहेत, पण जे पहिल्या संध्याकाळी आले असते तर साधं तासाभराचं ऑपरेशन होतं, त्याचं हे झालं. सर्जरीतला उशीर असा असतो, रोग तोच, पण बारा तासांनी ऑपरेशन वेगळं होतं आणि दोन दिवसांनी माणूसच वेगळा होतो.

लोक आलेच का नाहीत? नुसती भीती?

भीती मोठी होती पण सगळा दोष भीतीवर टाकणं मला बरोबर वाटत नाही. ठाण्याचं सिव्हिल आणि वाशीचं महापालिकेचं हॉस्पिटल, गरीब माणूस जिथे डोळे झाकून जातो ती दोन्ही ठिकाणं कोविडसाठी दिली गेली. त्याची गरज होतीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण पोटात दुखणाऱ्या माणसाला आता कुठे जायचं हे कोणी त्याच्या दाराशी येऊन सांगितलं नाही. बाळकुमला ग्लोबल हब, वाशीला सिडकोचं प्रदर्शन केंद्र, हजार हजार बेड उभे राहिले, सगळे कोविडसाठी. छोटी नर्सिंग होम बंद, कारण स्टाफ पॉझिटिव्ह किंवा स्टाफला यायला गाडी नाही. माझी एक मैत्रीण टिटवाळ्याहून यायची, लोकल बंद झाल्यावर तीन महिने हॉस्टेलला राहिली, पोरगं आजीकडे.

रिक्षा नाही. हातात पैसे नाहीत, एपीएमसीतल्या माथाडीचं, नाक्यावरच्या कामगाराचं रोजचं पोट रोजच्या कामावर. पॉझिटिव्ह निघालो तर सोसायटी काय म्हणेल, दारावर स्टिकर लागेल, बायकापोरांना उचलून क्वारंटाइनला नेतील. आणि फॅमिली डॉक्टर बंद. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे पोटाला हात लावून "हे साधं नाही, आत्ता जा" म्हणणारा पहिला माणूस तोच असतो. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनचे नियम आले, ई-संजीवनी सुरू झाली, फोनवर बरंच काम झालं, पण फोनवरून पोट दाबून बघता येत नाही.

टेस्टचा रिपोर्ट आल्याशिवाय कोणी हात लावत नव्हतं हे खरं आहे का?

काही ठिकाणी खरं आहे आणि ते चुकीचं होतं. सुरुवातीला आरटीपीसीआरला दिवस-दोन दिवस लागायचे, तेवढा वेळ फुटलेल्या अल्सरकडे नसतो. बरोबर पद्धत ही होती, आणि जिथे धड चाललं तिथे हीच होती, की अर्जंट पेशंटला पॉझिटिव्ह समजूनच पुढे जायचं, स्वॅब घ्यायचा पण त्यासाठी थांबायचं नाही. जून २०२० मध्ये आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने अँटिजन टेस्टला परवानगी दिली, अर्ध्या तासात अंदाज यायला लागला, मग जरा सुटसुटीत झालं.

कायद्याचं विचाराल तर १९८९ मध्ये परमानंद कटारा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की जीव वाचवायची इमर्जन्सी ट्रीटमेंट देणं सरकारी असो की खाजगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे. आणि एप्रिल २०२० च्या शेवटी केंद्राच्या आरोग्य खात्यानेही राज्यांना कळवलं होतं की अत्यावश्यक ट्रीटमेंट नाकारू नका आणि त्यासाठी टेस्टचा हट्ट धरू नका.

दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे. लस १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली. त्याआधी दहा महिने आम्ही किट घालून, चष्म्यावर वाफ, आत घामाच्या धारा, अशा अवस्थेत ओटीत उभे होतो. भूल देताना नळी घालायच्या वेळी फक्त भूलतज्ज्ञ आणि एक मदतनीस आत, बाकीचे बाहेर, म्हणून जमेल तिथे कमरेत इंजेक्शन देऊन ऑपरेशन. एक केस झाली की पूर्ण ओटी धुवायची, हवा बदलेपर्यंत थांबायचं, म्हणजे एरवी रात्रीत चार व्हायच्या तिथे दोन. ऑपरेशनला उशीर का झाला याचं एक कारण हे पण आहे, ते नातेवाइकांना बाहेर बसून दिसत नव्हतं. बाहेर बसू तरी कुठे देत होतो, कन्सेंट म्हणजे ऑपरेशनची संमती पण फोनवर.

पॉझिटिव्ह पेशंटचं ऑपरेशन केलं तर धोका किती होता?

फार. कोविडसर्ज नावाच्या गटाने २४ देशांतल्या २३५ हॉस्पिटलांतले १,१२८ पेशंट बघितले, सगळे २०२० च्या पहिल्या तीन महिन्यांतले, ऑपरेशनच्या आसपास कोविड निघालेले. त्यातले २३.८ टक्के ३० दिवसांत गेले. अर्जंट ऑपरेशनवाल्यांत २५.६ टक्के. निम्म्याहून थोड्या जास्त लोकांना फुफ्फुसाची गुंतागुंत झाली. हे आकडे लस यायच्या आधीचे आहेत, आज तसेच्या तसे लावू नका. पण तेव्हा सर्जन "टाळता येत असेल तर टाळू" का म्हणायचे ते यावरून कळेल, ते कामचुकारपणा करत नव्हते.

कोविड होऊन गेला, आता ऑपरेशन आहे, किती थांबू?

ठरवून करायच्या ऑपरेशनला तेव्हा सात आठवडे सांगितले गेले. ११६ देशांतल्या १,४०,२३१ पेशंटच्या अभ्यासात सात आठवड्यांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत मृत्यूचा धोका जास्त दिसला, नंतर तो नेहमीसारखा झाला, फक्त ज्यांना अजून दम लागतो, खोकला आहे त्यांना अजून थांबायला सांगितलं. आता लस आणि सौम्य आजार यामुळे भूलतज्ज्ञ माणूस बघून ठरवतात, त्यांनाच विचारा, आणि कोविड कधी झाला ती तारीख लपवू नका.

अर्जंटला मात्र सात आठवडे वगैरे काही नाही. फुटलेलं आतडं कॅलेंडर बघत नाही.

अपेंडिक्स नुसत्या अँटिबायोटिकवर ठेवायचे, ते बरोबर होतं का?

त्या वेळेला बऱ्याच जणांसाठी बरोबर होतं. अमेरिकेतली कोडा नावाची ट्रायल नेमकी ऑक्टोबर २०२० मध्ये बाहेर आली, १,५५२ पेशंट, अर्ध्यांना अँटिबायोटिक अर्ध्यांना ऑपरेशन. औषधवाल्यांपैकी दहात साधारण तिघांचं ९० दिवसांत ऑपरेशन करावंच लागलं, आणि अपेंडिक्समध्ये खडा असलेल्यांत ते प्रमाण दहात चारपर्यंत. त्याआधी फिनलंडमध्ये पाच वर्षं मागोवा घेतला तेव्हा औषधावर ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुन्हा त्रास झाला होता. म्हणजे औषध चालतं, पण सीटी किंवा सोनोग्राफी करून, फुटलेलं नाही हे बघून, सर्जनच्या नजरेखाली. मेडिकलमधून पाच गोळ्या आणून घरी झोपणं याला ती ट्रायल लागू होत नाही, ही गल्लत आमच्याच बिल्डिंगमध्ये दोघांनी केली.

दुर्बिणीची ऑपरेशन का बंद केली होती?

पोटात भरलेल्या गॅसबरोबर विषाणू ओटीत पसरेल अशी सुरुवातीला भीती होती. नंतर फिल्टर लावून, गॅस नीट काढून परत सुरू झाली.

कोविडमुळेच ऑपरेशन लागलं असंही झालं का?

झालं, आणि हे लोकांना अजून माहीत नाही. कोविडमध्ये रक्ताच्या गाठी व्हायच्या. पायाला रक्त नेणाऱ्या नसेत गाठ अडकली की पाय अचानक थंड, पांढरा, प्रचंड दुखणारा, आणि मग साधारण सहा तासांच्या आत रक्त परत सुरू झालं तर पाय वाचायची खरी आशा. आतड्याच्या नसेत अडकली तर पोटात जीवघेणी कळ आणि तपासताना मात्र पोट मऊ, अनुभवी सर्जनलाही चकवणारं. ज्यांना खोकला-ताप काहीच नव्हता त्यांचाही पहिला त्रास हा असू शकायचा.

लहान मुलांत कोविडनंतर तीन-चार आठवड्यांनी ताप, पोटदुखी, उलट्या असा एक सूजेचा आजार आला, हुबेहूब अपेंडिक्ससारखा दिसणारा, त्यात ऑपरेशनची गरज नसायची, वेगळी औषधं लागायची.

आणि मग २०२१ च्या उन्हाळ्यातला काळ्या बुरशीचा म्युकर. शुगर आणि स्टेरॉइड एकत्र आले की नाकात, सायनसमध्ये, डोळ्यात. जून २०२१ च्या शेवटी देशात ४० हजारांवर केसेस होत्या. कुजलेला भाग खरवडून काढल्याशिवाय नुसतं अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध पुरायचं नाही, ते इंजेक्शनही मिळायचं नाही, नातेवाईक ठाण्यापासून पनवेलपर्यंत मेडिकल पालथी घालायचे. ज्यांचा डोळा काढला त्यांच्या ड्रेसिंगला मी होते. तो महिना मला नीट आठवायला अजून नको वाटतं.

डायबेटिक पाय वेगळाच. चालणं बंद, शुगरची तपासणी बंद, ड्रेसिंगला कोणी येत नाही, आणि अंगठ्याची जखम वास मारेपर्यंत घरी. अंगठा वाचला असता तिथे गुडघ्याखालून पाय.

ठरवून करायची ऑपरेशन पुढे ढकलली, त्याचा अर्जंट केसेसशी काय संबंध?

सरळ संबंध आहे. कोविडसर्जच्याच अंदाजाने १२ आठवड्यांच्या बंदमध्ये जगभरात २ कोटी ८४ लाख ऑपरेशन रद्द किंवा पुढे जाणार होती. आता हर्निया, पित्ताशयातला खडा, प्रोस्टेट ही "ठरवून" मधली दुखणी आहेत, पण ती थांबवून ठेवली की त्यातली काही अर्जंट होऊन परत येतात. खडा नळीत उतरला की कावीळ, नाहीतर स्वादुपिंडाला सूज. नेरूळच्या एका काकूंची तारीख ३० मार्च २०२० होती, त्या ऑगस्टपर्यंत तीन वेळा ऍडमिट झाल्या आणि तिसऱ्यांदा स्वादुपिंड सुजून. मोठ्या आतड्याचा कॅन्सर आधी तपासणीत सापडला असता तो आतडं पूर्ण बंद होऊन रात्री दोनला कॅज्युअल्टीत सापडायला लागला.

सगळं बंद ठेवणं हाच एक मार्ग नव्हता हे पण सांगते. टाटा मेमोरियलने २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या ऐन बंदच्या काळात कॅन्सरची ४९४ ऑपरेशन केली आणि ऑपरेशननंतर एकही मृत्यू झाला नाही. आपल्या खारघरचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर सेंटर त्यांचंच. शिस्त, निवड आणि माणसं असतील तर जमत होतं. सगळ्यांकडे टाटासारखी माणसं नव्हती हेही तितकंच खरं.

दुसऱ्या लाटेत आणि ओमायक्रॉनमध्ये काय वेगळं होतं?

एप्रिल २०२१ ला लोक तेवढे घाबरून घरी नव्हते, जागाच नव्हती. ऑक्सिजन कोविडच्या वॉर्डला पुरत नव्हता तर ओटीचा साठा जपून वापरायचा, आयसीयू बेड नाही म्हणून मोठं ऑपरेशन कुठे करायचं हा प्रश्न. जानेवारी २०२२ ला उलट, ऑपरेशनला आलेले बरेच जण तपासणीत सहज पॉझिटिव्ह निघायचे, त्रास काही नाही. त्यांना कोविडचे पेशंट म्हणायचं का पोटाचे यावरून रोजचा आकडा फुगायचा, त्यामुळे त्या महिन्याचे आकडे वाचताना जरा जपून.

रक्त मिळत होतं का?

ओढाताण होती. कॉलेज, ऑफिस, मंडळं बंद म्हणजे शिबिरं बंद. पिशवी हवी तर नातेवाइकांपैकी कोणी देणार का हे आधी विचारलं जायचं.

बिल फार लावलं, त्याला काही नियम नव्हता का?

होता. २१ मे २०२० च्या आदेशाने राज्याने खाजगी हॉस्पिटलांतले ८० टक्के बेड सरकारी दराखाली आणले, कोविडच्या साध्या वॉर्डला दिवसाला ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. २०२० मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजनाही सगळ्यांसाठी खुली झाली. पण पीपीई किट, मास्क असे खर्च वेगळे जोडले जायचे आणि अर्जंट ऑपरेशनच्या वेळी घरचे भांडायच्या मनःस्थितीत नसायचे. आयटमवार बिल मागायचा हक्क तुमचा आहे, डिस्चार्जच्या दिवशी मागा आणि जपून ठेवा.

परत अशी साथ आली तर कुठलं दुखणं एक रात्रही घरी ठेवायचं नाही?

साथ असो नसो, ही यादी तीच. बेंबीजवळ सुरू होऊन उजवीकडे खाली उतरलेलं दुखणं, भूक मेलेली, खोकताना-चालताना कळ. आणि हे दुखणं अचानक थांबलं तर खुश होऊ नका, फुटल्यावर थोडा वेळ बरं वाटतं आणि मग सगळं पोट पेटतं. चाकू मारल्यासारखी अचानक कळ आणि पोट फळीसारखं कडक. पोट फुगलंय, उलट्या, वारा पण सरत नाही. हर्निया आत जात नाही, कडक झालाय. ताप, थंडी आणि कावीळ एकत्र. मुतखड्याच्या दुखण्याबरोबर ताप. लघवी पूर्ण बंद.

मुलगा, तरुण पोरगा, अंडकोषात अचानक दुखतंय म्हणाला तर त्याला सकाळपर्यंत थांबवू नका, पीळ पडलेला असेल तर सहा तासांचा खेळ असतो, आणि लाजेमुळे पोरं आईला सांगत नाहीत, म्हणून बापाने विचारा. पाळी चुकलेल्या बाईच्या खालच्या पोटात जोरात दुखून चक्कर आली तर गर्भ नळीत असू शकतो. थंड पडलेला पाय वर सांगितलाच. शुगरवाल्याचा काळा पडलेला, वास येणारा पाय. बसायच्या जागेचं गळू ज्याने ताप आलाय, ते गोळ्यांनी बसत नाही, कापून पू काढावाच लागतो.

तोपर्यंत घरी काय करायचं?

खायला देऊ नका. चहा-बिस्किट पण नको, भूल द्यायला सहा तास पोट रिकामं लागतं आणि तुम्ही प्रेमाने दिलेल्या पोळीमुळे ऑपरेशन लांबतं. एरंडेल, जुलाब, एनिमा अजिबात नाही. गरम पाण्याची पिशवी नाही. पेनकिलरची एखादी गोळी घेतली असेल तर ती डॉक्टरांना सांगा, लपवू नका, पण उपाशी पोटी त्याच त्याच गोळ्या घेऊन दोन दिवस काढू नका, त्यानेच अल्सर फुटलेले मी कोविडमध्ये खूप बघितले. १०८ ला फोन करा, आणि गाडीला वेळ लागणार असेल तर बिल्डिंगमधल्या कोणाचीही गाडी काढा. निघायच्या आधी हॉस्पिटलला फोन करून एकच विचारा, सर्जन आणि भूलतज्ज्ञ आत्ता आहेत का. बेड आहे का विचारलंत तर नाही म्हणतील.

घरात काय तयार ठेवू?

एक फाइल. चालू गोळ्यांची नावं, खास करून रक्त पातळ करायची आणि शुगरची, कुठल्या औषधाची ॲलर्जी, आधीची ऑपरेशन, लसीची तारीख, कोविड झाला असेल तर त्याची तारीख. आधार आणि रेशनकार्डाची झेरॉक्स, विम्याचं कार्ड. जवळच्या दोन हॉस्पिटलांचे कॅज्युअल्टीचे थेट नंबर, रिसेप्शनचे नकोत. महामारीत नातेवाइकाला आत सोडत नाहीत, तेव्हा पेशंटच्या फोनचा पॅटर्न घरात एकाला तरी माहीत असू दे आणि पिशवीत चार्जर टाका, रात्री तीन वाजता सर्जन कन्सेंटसाठी फोन करतात तो उचलला गेला पाहिजे.

हर्निया किंवा खडा आहे, आत्ता काही त्रास नाही, साथही नाही. काय करू?

सर्जनला दाखवून तारीख घ्या. या आठवड्यात. मामांनी आठ वर्षं काढली होती.